कागदाचं दुपारचं दूध

बाळाला आठ महिने झाले, दोन दात आले, तरी प्रयोगशाळेत तिचं नाव बाळंतीणच राहिलं होतं. तिनेही कधी हरकत घेतली नाही. झोप अजून बाळंतिणीएवढीच मिळत होती, मग नावाने काय बिघडतं? पाळणाघर त्याच इमारतीत तळमजल्यावर होतं आणि प्रयोगशाळा तिसऱ्यावर. सकाळी ती गुंडीला खाली सोडायची. गुंडी हे मुलीचं लाडाचं नाव, शर्टाच्या गुंडीसारखं नाक म्हणून. मग वर यायची, आणि दुपारी बरोबर जेवणाच्या वेळी खाली जाऊन स्वतःच्या हाताने तिला बाटली पाजायची. कामावर परत रुजू होताना तिने स्वतःला बजावलं होतं, बाकी काहीही चुको, दुपारचं दूध चुकायचं नाही.

अलीकडे तर त्या दुधाला फारच महत्त्व आलं होतं. आधी गुंडी कुणाच्याही कडेवर जायची. शेजारी, पोस्टमन, जिन्यात भेटलेला अनोळखी माणूस, जो हात पुढे करील त्याच्याकडे झेप. आणि आता एकाएकी तिला माणसं कळायला लागली होती. आई ती आई, बाकी सगळे संशयित. आजीने फोनवर सांगितलं की हे लक्षण चांगलं आहे, पोर शहाणं होतंय. लक्षण चांगलं असेल, पण पाळणाघरातल्या मावशींच्या हातून गुंडी आता दुधाचा थेंब घेईना.

प्रयोगशाळेतल्या अँटीबॉडीचं नेमकं याच्या उलट होतं.

ही अँटीबॉडी म्हणजे एका पांढऱ्या सशिणीच्या रक्तातून काढलेला द्राव. तिला काम एकच, विषाणूचं एक ठरावीक प्रथिन ओळखायचं आणि त्याला जाऊन चिकटायचं. ते प्रथिन विषाणूच्या नकला काढून देतं, म्हणून सगळे त्याला नकल्या म्हणत. पेशींत नकल्या सापडला की समजायचं, विषाणू नुसता पाहुणा म्हणून आलेला नाही, त्याने इथे संसार थाटलाय. पेशी उकळून त्यांतली प्रथिनं पत्त्याएवढ्या पांढऱ्या कागदावर उतरवायची, कागद दुधात भिजवून ठेवायचा, म्हणजे त्याच्या मोकळ्या जागा दुधाने भरून जातात आणि नंतर भलतंसलतं काही चिकटायला वाव राहत नाही. मग अँटीबॉडी सोडायची. आजारी पेशींच्या रांगेत एक काळी रेघ उठली आणि बाकी कागद कोरा राहिला, की गंगेत घोडं न्हालं.

रेघ उठायचीच. पण तिच्याबरोबर ठिपके उठायचे, डाग उठायचे, ढग उठायचे. कागद बघून वाटायचं, कुणी दौत लवंडून वर पोर रांगवलंय. बाळंतिणीच्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी, ज्याला सगळे शंकासुर म्हणत, त्याचं या अँटीबॉडीविषयी ठाम मत होतं. "ही लांबच्या नात्यातली आत्या आहे," तो म्हणायचा, "दिसेल त्याच्या गळ्यात पडते आणि विचारते, ओळखलंस का मला?"

हसण्यासारखं होतं, पण हसून चालणार नव्हतं. सशीण म्हातारी झाली होती आणि मागच्या खोलीत मुळ्याचा पाला खात निवृत्त आयुष्य काढत होती. तिच्याकडून आता आणखी काही मिळणार नव्हतं. त्यातून पुढच्या आठवड्यात तपासणीला एक बाई येणार होत्या. अँटीबॉडी नीट चालते हे त्यांना डोळ्यांनी दिसलं तर काम पुढे चालू, नाहीतर काम बंद, आणि कामाबरोबर बाळंतिणीची नोकरीही. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी हे तिला फार हळुवारपणे सांगितलं होतं, त्यामुळे ती जास्तच घाबरली होती.

अशात तो सोमवार उजाडला. गुंडीचा तिसरा दात वर येत होता आणि रात्री घरात कुणीच झोपलं नव्हतं. चहाच्या खोलीत उभ्या उभ्या बाळंतिणीने घरून आणलेल्या फ्लास्कमधलं उकळून कोमट झालेलं पाणी घेतलं, गुंडीच्या डब्यातली पावडर घातली, बाटली हलवली, मनगटावर थेंब टाकून बघितला आणि बाटली कोटाच्या खिशात टाकली. खाली जाण्याआधी तेवढा कागद दुधात घालून ठेवावा म्हणून ती प्रयोगशाळेत शिरली. प्रयोगशाळेचं दूध वेगळं असतं. ते साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचं, चंचुपात्रात कालवलेलं, ते टेबलावर तयारच होतं.

पुढचं तिला नीटसं आठवत नाही. हातांना आठवत असावं. हातांनी कागदाची थाळी उचलून डाव्या कोपराच्या खळग्यात घेतली, उजव्या हाताने खिशातून बाटली काढली, आणि बुचाच्या भोकातून थेंब थेंब करत सगळी बाटली त्या कागदाला पाजली. पाजताना ती डुलत होती. तोंडाने हं हं हं चालू होतं. बाटली संपल्यावर तिने थाळीला तळव्याने हलकं थोपटलंसुद्धा, ढेकर यावी म्हणून. मग अँटीबॉडी सोडली आणि जिना उतरून खाली गेली.

खाली मावशींनी गुंडीला तिच्या मांडीवर दिलं, आणि तिने खिशातून काढली ती रिकामी बाटली.

"ताई, वाटेत तुम्हीच प्यायलात का?" मावशींनी विचारलं.

गुंडीने बाटलीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि जो टाहो फोडला तो तिसऱ्या मजल्यावर शंकासुराने ऐकला. बाळंतिणीने ती बाटली तिथेच कचऱ्यात टाकली, वर धावत जाऊन दुसरी भरून आणली. पोरीने हुंदके देत देत दूध संपवलं, आणि संपवताना आईचं बोट जे घट्ट धरलं ते सोडलंच नाही.

संध्याकाळी कागदाचं चित्र निघालं. कागद कोरा होता. अगदी धुतल्यासारखा. आणि आजारी पेशींच्या रांगेत, नकल्याच्या नेमक्या जागी, झोपलेल्या बाळाच्या पापणीसारखी एकच एक रेघ.

तिने काही लपवलं नाही. सरांसमोर उभं राहून झालं तसं सांगून टाकलं, कोपराच्या खळग्यापासून ढेकरेपर्यंत. तिला वाटलं सर हसतील, नाहीतर चिडतील. सर यातलं काहीच करेनात. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि गंभीरपणे म्हणाले, "उद्या परत कर."

दुसऱ्या दिवशी शंकासुराने गुंडीच्या डब्यातली पावडर घेतली, प्रयोगशाळेच्या शुद्धातल्या शुद्ध पाण्यात कालवली आणि कागदावर ओतली. कागद काळाकुट्ट. मग बाळंतिणीने आपल्या पद्धतीने बाटली भरून पाजली. कागद कोरा. शंकासुराने आपलं कालवलेलं दूध बाटलीतून थेंब थेंब पाजून बघितलं. काळाकुट्ट. थाळी मांडीवर घेऊन पाजलं. काळाकुट्ट. तो अविवाहित होता, त्याला थाळी धरता येत नाही असा निष्कर्ष निघाला आणि थाळी सरांकडे गेली. सरांना दोन नातवंडं होती. पण सरांना एकही अंगाई येत नव्हती. त्यांना पाठ होते फक्त पाढे, म्हणून त्यांनी एकोणतीसचा पाढा संथ चालीवर लावला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्नच्या वेळी शंकासुर बाहेर जाऊन भिंतीला टेकून हसून आला. कागद काळाकुट्टच निघाला, पण सरांचा आवाज बरा आहे हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

बाळंतिणीच्या हातून मात्र दर वेळी कोरा.

"याचा अर्थ उघड आहे," सर म्हणाले. "या अँटीबॉडीला आई कळते."

शंकासुराने शंका काढली की सर, कागदाला कान नाहीत. त्यावर सर म्हणाले, कान नाहीत हे खरं, पण अंदाजे बोलण्यापेक्षा निकाल बघावा, आणि निकाल समोर होता.

त्या दिवसापासून प्रयोगशाळेचं घर झालं. बाळंतिणीची खुर्ची कुणी हलवायची नाही असं ठरलं. तिची झोप झाली का, हे सर रोज सकाळी विचारू लागले, कारण ती आता पद्धतीचा भाग होती. एका सकाळी तिला शिंक आली तर तिघांनी कागदाकडे बघितलं. सुरक्षा अधिकाऱ्याने येऊन सांगितलं की प्रयोगशाळेत खाणंपिणं सक्त मना आहे, आणि बाटलीने दूध पाजणं हे खाणंपिणंच आहे, मग पिणारा कुणी का असेना. तेव्हा कागद पाजायला चहाच्या खोलीत नेऊ लागले. तिथे कपांच्या आणि बिस्किटांच्या शेजारी, खिडकीजवळच्या उबेत, बाळंतीण एकामागून एक कागद मांडीवर घेऊन बसायची. रांग लागायची. शेजारच्या प्रयोगशाळेनेही आपले दोन कागद विचारून बघितले, जमलं तर घ्या म्हणून.

आणि दुपारचं दूध चुकायला लागलं.

पहिल्या दिवशी ती धावत खाली गेली तेव्हा गुंडी रडून रडून झोपी गेली होती. दुसऱ्या दिवशी मावशींनी चमच्याने थोडं पाजलं होतं, त्यातलं अर्धं मावशींच्या अंगावर होतं. तिसऱ्या दिवशी गुंडी रडलीही नाही. कोपऱ्यात बसून दाराकडे बघत राहिली, असं मावशी म्हणाल्या, आणि हे ऐकून बाळंतिणीला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. वर कागदांना आई मिळाली होती. खाली ज्या पोरीला नुकतीच आई ओळखू यायला लागली होती, तिला ओळख दाखवायला कुणी नव्हतं.

तिने सरांना सांगितलं की दुपारी मला खाली जायला हवं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान डोलावली, डोळ्यांत पाणीही आणलं, आणि म्हणाले, "बाई येऊन जाऊ देत. एवढे कागद मोठे होऊ देत." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन चष्मा पुसू लागले.

पाहुण्या बाई आल्या त्या राखाडी कोटात, ताठ, कमी बोलणाऱ्या. सरांनी त्यांच्यापुढे पद्धत वाचून दाखवली. थाळी मांडीवर घ्यावी, इथवर आल्यावर बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. बाळंतिणीला वाटलं, आता संपलं सगळं.

"कुठल्या मांडीवर?" बाईंनी विचारलं. "डाव्या की उजव्या?"

"डाव्या," सर म्हणाले. बाईंनी मान हलवली आणि तसं लिहून घेतलं.

सगळे चहाच्या खोलीत जमले. बाळंतिणीने सकाळीच घरून आणलेल्या फ्लास्कमधलं पाणी घेऊन बाटली भरली, मनगटावर थेंब टाकला, बाईंनी वाकून तो थेंब बघितला. डाव्या मांडीवर थाळी आली. सर हात मागे बांधून उभे होते आणि ओठांतल्या ओठांत पाढा म्हणत होते. बाटली कागदापासून वीतभर अंतरावर आली, आणि जिन्यातून तो टाहो ऐकू आला.

दार ढकलून मावशी आत आल्या. कडेवर गुंडी, चेहरा टोमॅटोसारखा, अंगावरचं झबलं दुधाने भिजलेलं. मावशींना इतक्या लोकांची सवय नव्हती, पण त्या दिवशी त्यांना पर्वाही नव्हती. त्यांनी सांगितलं की हिने बाटली फेकली, दूध सगळं जमिनीवर गेलं, सकाळपासून पोटात काही नाही, आणि आता हिचं काय करायचं ते हिच्या आईनेच बघावं. गुंडीने आईला बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले.

बाळंतिणीच्या डाव्या मांडीवर थाळी होती, उजव्या हातात खोलीतली एकमेव भरलेली बाटली. सरांनी तिच्याकडे बघितलं ते असं, की हाक मारायची राहिली एवढंच.

तिने थाळी उचलून सरांच्या हातात दिली.

"सर, हा कागद भुकेने मरणार नाही," ती म्हणाली. "ही माझी आहे."

आणि गुंडीला कुशीत घेऊन ती खिडकीकडे तोंड करून बसली. मागे काय चाललंय ते तिने बघितलं नाही. नोकरी गेली असं तिने मनात धरून टाकलं होतं, आणि गंमत म्हणजे ते धरल्यावर हात हलके झाले होते. गुंडी घटाघटा पीत होती, मधेच थांबून आईच्या तोंडाकडे बघत होती, खात्री करून घेत होती, पुन्हा पीत होती. त्या वेळी कुणी बाळंतिणीला विचारलं असतं की विषाणू म्हणजे काय, तर तिला सांगता आलं नसतं.

मागे सर थाळी धरून उभे होते, दारात कुणी पोर सोडून गेल्यासारखे. शेवटी शंकासुरानेच काय ते केलं. कागद कोरडा पडला तर सगळंच जाईल म्हणून तो प्रयोगशाळेत पळाला, साय काढलेल्या दुधाची नेहमीची पावडर उचलली आणि शुद्ध पाण्याच्या मोठ्या पिंपाचा नळ सोडला. नळातून चार थेंब आले आणि काहीतरी गच्च अडकलं. त्याने नळावर दोन बुक्क्या मारल्या, एक शिवी दिली, आणि परत चहाच्या खोलीत येऊन समोर दिसलं ते पाणी घेतलं. ते फ्लास्कमधलं होतं. दूध कालवलं, कागदावर बदकन ओतलं, अँटीबॉडी सोडली, थाळी नेऊन हलणाऱ्या यंत्रावर ठेवली आणि हात झटकले. ना मांडी, ना अंगाई, ना ढेकर.

"चित्र काढायचं तेवढं काढू," तो बाईंना म्हणाला. "काळं येणार, पण तुम्ही इतक्या लांबून आलात."

चित्र निघालं तेव्हा गुंडी आईच्या खांद्यावर झोपली होती. कागद कोरा होता, आणि नकल्याच्या जागी एकच रेघ.

मग शंकासुर, ज्याला आयुष्यात पहिल्यांदा कसलीच शंका उरली नव्हती, फ्लास्क हातात घेऊन गेला आणि पिंपाचं झाकण उघडून आत डोकावला. त्याने सरांना बोलावलं. सर डोकावले. बाईंनी कोटाच्या बाह्या वर केल्या आणि त्याही डोकावल्या. पिंपाच्या आतल्या अंगाला बोटभर जाडीचा, हिरवट, बुळबुळीत थर होता. त्यातलाच एक गोळा नळात बसला होता.

ते पिंप कधीच कुणी घासलं नव्हतं. कुणाच्या मनातच आलं नव्हतं. त्यात जगातलं सगळ्यात स्वच्छ पाणी ठेवत, आणि स्वच्छ पाण्याचं भांडं कशाला घासायचं, असा इथला पिढीजात विचार. बाळंतीण घरी रोज बाटली उकळत होती, फ्लास्क उकळत होती, आणि इथे येऊन तिनेही त्या पिंपाला कधी हात लावला नव्हता. तिलाही ते खटकलं नव्हतं.

पुढचं कोडं बाईंनी थोडक्यात सोडवलं. नकल्या हे प्रथिन सशिणीला टोचण्यासाठी आधी जिवाणूंमध्ये वाढवलेलं होतं. त्याच्याबरोबर त्या जिवाणूंचे तुकडेही टोचले गेले, आणि सशिणीने प्रामाणिकपणे दोघांनाही ओळखायला शिकून घेतलं. पिंपातल्या बुळबुळीत थरात त्या जिवाणूंचेच भाऊबंद राहत होते. लॅबच्या पाण्यात दूध कालवलं की ते कागदाला चिकटत, आणि अँटीबॉडी त्यांना जाऊन मिठी मारे.

"म्हणजे ती भलत्याच्या गळ्यात पडत नव्हती," बाळंतीण म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या. "माहेरच्यांच्या पडत होती."

शंकासुराने लांबच्या आत्याची मनातल्या मनात माफी मागितली. सर थोडे हिरमुसले होते. काम चालू राहणार हे बाईंनी तिथेच सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला खरा, पण पूर्ण नाही. पद्धतीतली मांडी आता खोडावी लागणार होती.

निघताना बाईंचं मन थोडं विरघळलं. गुंडी जागी झाली होती, पोट भरल्यामुळे मूडमध्ये होती. बाईंनी हात पुढे केले. गुंडीने त्यांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं, खालचा ओठ बाहेर काढला, वळली आणि आईच्या गळ्याला चिकटली. मावशींनी हात केले, तर त्यांनाही तेच. शंकासुराने प्रयत्न केला तर लाथ मिळाली.

"बघा," सर बाईंना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आठवडाभरात पहिल्यांदा खरा अभिमान होता, "एकच रेघ, आणि बाकी कागद अगदी कोरा."

दुसऱ्या दिवशी पिंप घासायला चौघे लागले. दुपारी बाळंतीण बाटली खिशात टाकून खाली गेली. पाळणाघराच्या दारात पोचण्याआधी तिने दोनदा खिसा चाचपला, भरलेलीच आहे ना म्हणून. गुंडी दाराकडेच बघत बसली होती.

बाळंतीण वर आली तेव्हा प्रयोगशाळेत शुकशुकाट होता. यंत्रावर कागदाची थाळी आपली आपण हलत होती, कुणाच्याही मदतीशिवाय. सर तिच्यापाशी उभे होते, दाराकडे पाठ करून. एक हात थाळीच्या कडेवर ठेवून, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने ते म्हणत होते, एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न.

ती आल्या पावली मागे फिरली, आणि पाढा दाहेपर्यंत पोचेस्तोवर बाहेरच थांबली.